शेवट विचारू नये

"रडणारं कोणी नको त्यात," सुमेध खंडारे माझ्या खोलीच्या दारात उभा राहून म्हणाला. "अंधारं पाहिजे, शांत पाहिजे, डोक्याला काम देणारं पाहिजे. पण रडारड नको. आहे का तुह्याजवळ असं काही?"

मंगळवार होता, दुपारचा एक वाजला असेल. अकोल्याबाहेरच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलात मे महिन्यात त्या वेळी कोणी खोलीबाहेर पाऊल टाकत नसे. खिडक्यांच्या काचांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, प्रत्येक खोलीत कूलर घरघरतोय, आणि व्हरांड्याची फरशी अशी तापलेली की चपलेतूनही चटका बसावा. फायनल इयरची अभ्यासाची सुट्टी सुरू होती. निम्मी पोरं घरी गेली होती. उरलेली अभ्यासाच्या नावाखाली लॅपटॉपला चिकटली होती.

"किती दिवस आहेत तुझ्याकडे?" मी विचारलं.

"सोमवारपर्यंत."

सोमवारी आमचा पहिला पेपर होता. पेपरच्या आदल्या आठवड्यात ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, मागणारा तो काही एकटा नव्हता, त्यामुळे मला त्यात वावगं वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, कारण असलं गिऱ्हाईक माझ्याकडे वर्षातून एखादंच येई.

मी म्हणजे हॉस्टेलातला तायडे लिस्टवाला. माझ्याकडे चारशेहून जास्त जपानी ॲनिमे मालिका होत्या आणि त्या सगळ्यांची एक यादी होती. कोणाला काय पाहायचं हे मी ठरवायचो. यायचा तो मारामारीचं मागायला यायचा, नाहीतर शाळेतल्या प्रेमाचं. मी त्याला खुर्चीवर बसवून डॉक्टरासारखे तीन प्रश्न विचारायचो. याआधी काय आवडलं, किती वेळ आहे, आणि पाहून झाल्यावर कसं वाटायला पाहिजे. मग पेन ड्राइव्हवर औषध द्यायचो. पोरं हसायची, पण यायची.

औषधाला पथ्यही होतं. माझ्या दारावर स्केचपेननं लिहिलेला कागद होता, "शेवट विचारू नये." कथेचा शेवट आधी फोडणाऱ्या माणसाइतका मला कोणाचा राग यायचा नाही. सेकंड इयरला असताना माझ्या रूम पार्टनरनं जेवताना एका मालिकेचा शेवट सांगून टाकला, तर मी त्याच्याशी सहा महिने बोललो नव्हतो. तो शेवटी खोली बदलून गेला. असा मी होतो.

आणखी एक गोष्ट मी करायचो, आणि तिचाही मला फार अभिमान होता. माझ्या हार्ड डिस्कवर जागा कमी पडायची. प्रत्येक भागाला सुरुवातीचं एक गाणं आणि शेवटचं एक गाणं असतं, पडद्यावर नावं सरकत असताना वाजणारं. ती गाणी दर भागाला तीच. मी ती कापून टाकायचो. शेवटचं गाणं सुरू झालं की तिथून पुढचं सगळं उडवायचं. अशानं शंभर मालिकांच्या जागेत एकशेदहा बसायच्या. मी हे सगळ्यांना मोठ्या फुशारकीनं सांगायचो.

सुमेधला मी खुर्चीवर बसवलं. तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारा, कारंज्याकडचा, हडकुळा, कमी बोलणारा मुलगा. चार वर्षांत आमचं बोलणं मेसच्या रांगेपुरतंच झालं होतं. तोही फायनललाच होता, निदान मला तसंच वाटत होतं.

"पाहून झाल्यावर कसं वाटायला पाहिजे?" मी तिसरा प्रश्न विचारला.

"हलकं," तो म्हणाला.

मी त्याला एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्याची दहा भागांची मालिका दिली. त्यात संवाद फार कमी. बर्फ पडत असतं आणि म्हातारा कधीच न येणाऱ्या गाडीसाठी सिग्नल पाडत असतो.

गुरुवारी दुपारी तो परत आला.

"चांगली आहे बे," तो म्हणाला. "पण म्हातारा गेल्यावर त्याची पोरगी त्याले शोधत फिरते. दोन भाग नुसतं शोधणंच आहे."

"अरे, तोच तर त्यातला जीव आहे!"

"ते नाही पाहिजे मले. गेला तर गेला. मागचे लोक नीट राहिले पाहिजे."

"नीट म्हणजे?"

"नीट म्हणजे सकाळी उठले, चहा केला, आपापल्या कामाले लागले. तसं." तो कूलरच्या जाळीकडे पाहत होता. "जाणारा शांतपणे जाते, कोणाले तरास नाही, आणि मागचे लोक नीट राहतात. असं एखादं असंल की नाही?"

वाचणाऱ्याला आत्ताच कळलं असेल. मला कळलं नाही. मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी खूश झालो. चार वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे नुसतं 'भारी काहीतरी दे' असं न म्हणता इतकी नेमकी मागणी घेऊन आला होता. मला तो दर्दी वाटला. मी वहीत त्याच्या अटी लिहून घेतल्या. कोणी रडत नाही. कोणी शोधत नाही. मागचे नीट राहतात. बारा भागांच्या आत.

त्याच दुपारी मी ॲनिमेवाल्यांच्या एका इंग्रजी चर्चापानावर त्या अटी जशाच्या तशा टाकल्या आणि खाली लिहिलं, 'माझा एक मित्र फार चोखंदळ आहे, मदत करा.' मग यादी उपसली. तासाभरात मला स्वतःलाच आठवलं.

ती मालिका मी दोन वर्षांपूर्वी पाहिली होती. मूळ जपानी नाव लांबलचक, हॉस्टेलात आम्ही तिला 'नाववालं', म्हणजे होडीवालं, म्हणायचो. खाडीकाठचं एक मिठागरांचं गाव. तिथे वर्षातून एकदा, संध्याकाळी, एक रिकामी नाव घाटाला लागते आणि गावातलं कोणीतरी एक जण तिच्यात जाऊन बसतं आणि पुन्हा परत येत नाही. कोण बसणार हे कोणी ठरवत नाही. कोणी अडवत नाही, कोणी विचारत नाही. अकरा भाग आपण एका कुटुंबासोबत राहतो. आई, बाप, मोठा मुलगा, धाकटी मुलगी. बाराव्या भागात मुलगा नावेत बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आई चूल पेटवते, बाप जाळं विणायला बसतो, बहीण शाळेत जाते. मुलगी वळणावर दिसेनाशी होते आणि संपतं. माझ्याकडे तरी तिथेच संपत होतं.

"हे घे," संध्याकाळी मी सुमेधला म्हणालो. "तुह्यासाठीच बनवलंय असं समज."

त्यानं पेन ड्राइव्ह दोन्ही हातांनी घेतला.

शुक्रवारी सकाळी नाश्त्याला गेलो तर मेसचे ढोरेकाका म्हणाले, "तो तुमचा खंडारे चालला का घरी?"

"नाही काका, सोमवारी पेपर आहे."

"मग मले काऊन सांगून गेला, सोमवारपासून माही पोळी टाकू नका म्हणून?"

"बाहेर खात असेल."

"इतक्या उन्हात कुठं जाते तो खाले?" काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले आणि भांडी आवरायला लागले. पन्नाशीचा तो माणूस दहावीसुद्धा झाला नव्हता. पण पोळी टाकू नका हे वाक्य त्याच्या घशाखाली उतरलं नाही. मी मात्र दोन पोळ्या खाऊन वर आलो.

त्या दिवशी संध्याकाळी माझ्या दाराशी आकृत्या काढायचा सुमेधचा ड्राफ्टर ठेवलेला होता. वर चिठ्ठी, 'तुझा मोडला आहे ना, हा घे.' बाजूच्या खोलीतल्या पोराला त्याची बादली मिळाली होती. खालच्या मजल्यावर कोणाला तरी त्याचा टेबल फॅन. फायनलची पोरं जाताना असं वाटून जातातच. मात्र ती पेपर झाल्यावर वाटतात. हे मला आता सुचतं.

शनिवारी एकच्या सुमारास माझा फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"तायडे बोलून राहिले का? मी सुमेधची माय बोलून राहिली बाबू. त्याच्या फोनवर तुमचा नंबर भेटला होता मागं, दिवाळीले. त्याचा फोन लागूनच नाही राहिला कालपासून."

"चार्जिंग संपलं असेल काकू. अभ्यास चालू आहे सगळ्यांचा."

"हो ना, परीक्षा आहे. मी रोज या टायमाले लावतो त्याले. जेवला का तो?"

"जेवला असेल."

"तुम्ही पाह्यलं का जेवताना?"

आता काय सांगायचं? मी त्याला दोन दिवस मेसमध्ये पाहिलं नव्हतं. "हो काकू, पाहिलं," मी म्हणालो. "वरण-भात होता आज."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "सांगा त्याले, फोन कर म्हणा. अन् उन्हात फिरू नको म्हणा."

निरोप सांगायला मी वर गेलो नाही. ऊन फार होतं, आणि येईलच तो पेन ड्राइव्ह द्यायला, असा विचार केला.

तो रविवारी आला. पुन्हा तीच वेळ, दुपारी दीड-दोनची. दाढी केलेली होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, जो आम्ही तोंडी परीक्षेला घालायचो. अशा उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट पाहून मी म्हणालो, "काय बे, नवरदेव!"

तो हसला. त्यानं पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि तो सरळ करून ठेवला, टेबलाच्या कडेला अगदी समांतर.

"सापडलं," तो म्हणाला. "हेच पाहिजे होतं. आई चूल पेटवते ना दुसऱ्या दिवशी, ते तीनदा पाह्यलं."

"मी म्हणलं होतं ना!"

"तिच्या चेहऱ्यावर काही नाही. म्हणजे ठीक आहे ती."

"हो, तेच तर भारी आहे त्यात."

तो उभाच होता. मग म्हणाला, "शेवट हाच आहे ना तायडे? याच्यापुढे काही नाही ना?"

मी हसून दारावरच्या कागदाकडे बोट दाखवलं.

"पाहून झाल्यावर पण नाही सांगत?"

"पाहून झालंय तर विचारतो कशाला?" मी म्हणालो.

"हो," तो म्हणाला. "बरोबर आहे."

माझ्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदा. आणि गेला. मी त्याला आईचा निरोप सांगायचा विसरलो, ते आठवलं तेव्हा तो जिना चढून गेलेला होता. सांगू चहाच्या वेळी, असं म्हणून मी लॅपटॉप उघडला.

चर्चापानावर माझ्या प्रश्नाला सात-आठ उत्तरं आली होती. बहुतेकांनी नावांच्या याद्या दिल्या होत्या. एकानं माझी वाहवा केली होती, की मित्राची आवड उच्च आहे. सगळ्यात खालचं उत्तर कोणा परक्या देशातल्या माणसाचं होतं. मी शुक्रवारी तिथेच लिहिलं होतं की मित्राला 'नाववालं' दिलंय. त्यावर त्यानं तीनच वाक्यं लिहिली होती. इंग्रजीतच, पण मला ती आजही मराठीतच आठवतात.

'शेवटच्या भागात गाणं संपल्यावर आणखी एक प्रसंग आहे, तो त्यानं पाहिला का? आणि दुसरं, तुझ्या अटी मी पुन्हा पुन्हा वाचल्या. तुझा मित्र बरा आहे ना?'

मी ते दोनदा वाचलं. मग टेबलावरची माझी वही ओढली, जिच्यात मी गुरुवारी त्याच्या अटी लिहिल्या होत्या. माझ्याच अक्षरात. कोणी रडत नाही. कोणी शोधत नाही. मागचे नीट राहतात.

सोमवारपर्यंत. पोळी टाकू नका. ड्राफ्टर. पांढरा शर्ट. मी उठलो तेव्हा खुर्ची मागे पडली. व्हरांड्यातून खाली वाकून मी जिवाच्या आकांतानं ओरडलो, "काका! ढोरेकाका! पहार घेऊन वर या, तिसऱ्या मजल्यावर!" चप्पल घालायचं सुचलं नाही. पायाला पडलेले फोड मला दुसऱ्या दिवशी पेपर लिहिताना दिसले.

तिसऱ्या मजल्यावर सगळ्या दारांमागून कूलरची घरघर येत होती. कोपऱ्यातल्या दारामागून येत नव्हती. वीज होती, बाकीचे कूलर चालू होते. पंचेचाळीस अंशांत कोणी आपला कूलर बंद करत नाही. त्या दारामागची शांतता ऐकून मला जी भीती वाटली, तशी भीती मला आयुष्यात पुन्हा कशाचीच वाटली नाही.

मी दार वाजवलं. आतून कडी होती.

"सुमेध! मी तायडे."

काही नाही.

"सुमेध, दार उघड. काकूंचा फोन आला होता काल."

काही नाही. मी दाराला खांदा लावला. सागवानी दार होतं, जुनं, हललंसुद्धा नाही. काय बोलावं ते कळेना. ज्याला मी चार वर्षांत ओळखलंच नव्हतं त्याला मी काय सांगणार होतो? मला त्याच्याबद्दल एकच गोष्ट ठाऊक होती, त्याला काय पाहायचं होतं ती.

"सुमेध, शेवट तो नाही!" मी ओरडलो. "मी कापला होता बे! गाणं कापताना पुढचं सगळं कापलं मी! तू पाह्यला तो शेवट नाही!"

आत काहीतरी घासल्याचा आवाज झाला. खाट असेल, खुर्ची असेल. मग बऱ्याच वेळानं, अगदी साध्या आवाजात, तो म्हणाला, "मग काय आहे?"

मला ठाऊक नव्हतं. मी तो प्रसंग कधी पाहिलाच नव्हता. मी स्वतःच तो कापून मग पाहायला बसलो होतो. पण त्यानं विचारलं होतं, आणि तो विचारत होता तोवर तो होता. मी दाराला तोंड लावून बोलायला लागलो.

"गाणं झाल्यावर दुसरा दिवस नाही दाखवत, दुसरं वर्ष दाखवतात. त्या घरात चार ताटं आहेत. आई चारही मांडते. बाप काही बोलत नाही, एक उचलून ठेवतो. ती पुन्हा मांडते. रोज."

आत सामसूम.

"बाप जाळं विणायला बसतो ना, तर त्याची गाठच बसत नाही. विणतो अन् उसवतो. पावसाळा आला तरी एक जाळं पूर्ण होत नाही त्याचं. आणि बहीण. बहिणीनं शाळा सोडली. ती घाटावर बसून राहते, नाव येईल म्हणून. दप्तर घेऊन बसते."

काका जिन्यावरून पहार घेऊन धापा टाकत आले. मी त्यांना हातानं थांबवलं. ते तसेच उभे राहिले, पहार छातीशी धरून.

"आणि आई रोज दुपारी एक वाजता घाटावर जाते. भर उन्हात. डबा घेऊन. जो कोणी दिसल त्याले विचारते, माहा पोरगा पाह्यला का, जेवला का तो? लोक म्हणतात, हो काकू, पाह्यला. जेवला. वरण-भात होता. ती म्हणते, तुम्ही पाह्यलं का जेवताना? आणि लोक हो म्हणतात. खोटं बोलतात तिच्याशी, सुमेध! भडवे खोटं बोलतात!"

त्या ठिकाणी माझा आवाज फाटला. पुढे मी काय काय बोललो ते सगळं मला आठवत नाही. काका सांगतात की मी दारावर कपाळ आपटत होतो आणि नाव, घाट, डबा असलं काहीबाही बडबडत होतो.

मग कडी वाजली.

तो दारात उभा होता. पांढरा शर्ट घामानं पूर्ण भिजलेला होता. खाटेवरची चादर ताणून घातली होती, ट्रंकेला कुलूप होतं आणि किल्ली त्यावर ठेवलेली होती. टेबलावर काय होतं ते काकांनी झटकन उचलून आपल्या खिशात घातलं, आणि ते काय होतं हे आम्ही दोघांनी आजवर कोणाला सांगितलं नाही. काकांनी त्याला जवळ घेतलं. म्हणाले, "चाल, खाली चाल. खिचडी टाकतो."

मी त्याच्या आईला फोन लावला.

"काकू, तुम्ही या. आजच या. घरातल्या कोणाला तरी सोबत घेऊन या."

काय झालं असं त्यांनी विचारलं नाही.

"जेवला का तो?"

समोर मेसच्या बाकावर तो बसला होता. काका त्याच्या शेजारी बसून त्याला चमच्यानं भरवत होते, आणि तो खात होता.

"हो काकू," मी म्हणालो. "आत्ता जेवून राहिला. मी पाहून राहिलो."

संध्याकाळच्या एसटीनं त्या आणि त्याचा मोठा भाऊ आले. मग सगळं बाहेर आलं. थर्ड इयरचा एक विषय त्याचा तीन वेळा राहिला होता. फायनलचा फॉर्म भरताच आला नव्हता. सोमवारी त्याचा पेपर नव्हताच. घरी त्यानं सांगितलं होतं की ही शेवटची परीक्षा, मग पुण्याला नोकरी पक्की आहे, आणि भावानं गावात तसं सांगितलंही होतं. आईनं हे सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "एवढ्यासाठी?" मग ती त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

त्या एका दुपारनं सगळं निवळलं असं नाही. भावानं त्याला अमरावतीच्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या, बदलल्या, पुन्हा सुरू झाल्या. पहिलं वर्षभर घरचं कोणी ना कोणी त्याच्याजवळ झोपायचं. मी दर रविवारी दुपारी फोन करायचो, आणि फोन उचलेपर्यंतच्या चार-पाच रिंगा मला दर वेळी जड जायच्या. सोमवारच्या पेपरात मी नापास झालो, तो हिवाळ्यात सोडवला. दारावरचा कागद मी त्याच रात्री फाडला. चर्चापानावरच्या त्या माणसाला मी फक्त एवढंच लिहिलं, 'दार उघडलं.' त्यानं उत्तर दिलं नाही. मला त्याचं नावही माहीत नाही.

नंतर नऊ वर्षं मी ॲनिमे पाहिलं नाही. मागच्या उन्हाळ्यात, नागपूरला माझ्या घरी, 'नाववालं' अख्खं मिळालं, न कापलेलं. मी बारावा भाग लावला. आई चूल पेटवते. मुलगी वळणावर दिसेनाशी होते. गाणं सुरू झालं, दीड मिनिट चाललं, संपलं.

गाण्यानंतर घाट दिसला. रिकामा. नुसतं पाणी, संथ. पाऊण मिनिट. मग पडदा काळा झाला. ताटं नव्हती, जाळं नव्हतं, आई नव्हती. माणूसच नव्हता त्यात.

मी लगेच सुमेधला फोन लावला. तो आता कारंज्याला आयटीआयमध्ये शिकवतो. लग्न झालंय, मुलगी आहे दोन वर्षांची. पाच रिंगांनी त्यानं उचलला.

"आज रविवार नाही," तो म्हणाला.

"सुमेध, एक सांगायचं आहे. त्या दिवशी मी खोटं बोललो होतो. तो शेवट तसा नाही."

"माहीत आहे बे. नुसतं पाणी आहे."

"तू कधी पाह्यलं?"

"त्याच साली, ऑगस्टमध्ये. घरी बसून."

"मग कधी बोलला नाही मले?"

"तुह्या दारावरच लिहिलं होतं ना," तो म्हणाला, आणि हसला. मीही हसलो. पण मला धड हसू येत नव्हतं. जे मालिकेतल्या आईनं कधी केलंच नव्हतं ते ऐकून त्यानं कडी काढली होती, असं मी नऊ वर्षं समजत होतो. आणि तीन महिन्यांत त्याला कळलं होतं की ते सगळं बनावट आहे. त्या ऑगस्टमध्ये घरात तो एकटा बसून काय विचार करत असेल, याची मला कल्पनाही करवेना.

"पाणी पाहून तुले काही..." मला वाक्य पूर्ण करता आलं नाही.

"आलं होतं मनात. खोटं कशाला सांगू."

"मग?"

मागे कुठेतरी त्याची मुलगी काहीतरी आपटत होती.

"तायडे, तुले वाटते मी ती ताटं अन् जाळं ऐकून दार उघडलं? अर्धं तर मले ऐकूही नाही आलं. तू रडून राहिला होता बे. मी आठवडाभर असं शोधून राहिलो होतो, की माणूस जाते अन् कोणी रडत नाही. आणि दाराच्या बाहेर तू. आपली चार वर्षांत धड ओळख नाही, आणि तू शेंबूड ओढून ओढून रडून राहिला होता. मग कसं जमंल ते? ऑगस्टमध्ये पण मले तेच आठवलं."

मी डोळे पुसले. तो फोनवर होता, त्याला दिसत नव्हतं. तरी म्हणाला, "झालं सुरू पुन्हा?"

मागून त्याच्या आईचा आवाज आला. म्हातारपणानं जरा चिरका झालेला. "कोण आहे? तायडे आहे का? जेवला का विचार त्याले."

"माय विचारते, जेवला का?"

दुपारचे तीन वाजत आले होते. मी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"नाही म्हणून सांग," मी म्हणालो. "अजून नाही जेवलो."